मेथ्यांचं पाणी प्यायचं आणि मेथ्या टाकून द्यायच्या?

एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही. पत्र थोडं आटोपशीर केलं आहे.

"मी भांडुपला राहते, वय ४७. फोर्टमध्ये नोकरी, त्यामुळे जाऊन-येऊन दोन-अडीच तास लोकलमध्ये जातात. ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) १८६ आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३९ आलं. डॉक्टर म्हणाले, 'अजून डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहात.' माझं वजन ५४ किलो, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे मी काही जाड नाही. सकाळी चहा-बिस्किटं, डब्यात पोळी-भाजी, ऑफिसात दोन-तीन चहा, रात्री साडेनऊला जेवण, त्यात भात हवाच. रिपोर्ट आल्यापासून घरात उपायांची रांग लागली आहे. उठल्यावर रात्री भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी पिते, मेथ्या टाकून देते. मग सासूबाईंचा दालचिनीचा काढा. रविवारी मिस्टर बागेबाहेरच्या गाडीवरून कारलं-दुधी-जांभळाचा रस आणतात. मुलाने हळदीच्या आणि बर्बेरिनच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्यात. मिस्टरांना आठ वर्षं डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड चालू आहे. आता ते म्हणतात, 'ही केमिकलं बंद करू आणि दोघंही नैसर्गिकच घेऊ.' यातलं खरं काय? आणि सासूबाईंचं मन न दुखवता काढा कसा थांबवू? त्या देवगडच्या, ८१ वर्षांच्या आहेत, पहाटे साडेपाचला उठून माझ्यासाठी काढा उकळतात."

ताई,

तुम्ही विचारलंत स्वतःबद्दल, पण मी सुरुवात मिस्टरांपासून करते, कारण घाई तिथे आहे. त्यांच्या गोळ्या त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नाहीत. आणि गोळ्या चालू ठेवून वरून कारल्याचा रस नि बर्बेरिनही घ्यायचं नाही. ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. त्यावर साखर उतरवणारी आणखी एखादी गोष्ट घेतली तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते.

हे मी घरात पाहिलं आहे. माझे वडील गिरगावात चाळीत राहायचे, याच गटातली गोळी घ्यायचे. एका आषाढी एकादशीला त्यांनी सकाळची गोळी घेतली, ग्लासभर कारल्याचा रस घेतला, उपास म्हणून दुसरं काही खाल्लं नाही आणि फुलं आणायला दादरला गेले. पुलाच्या पायऱ्यांवर ते घामाने डबडबून खाली बसले. बोलणं अडखळायला लागलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, म्हातारा प्यायलाय. एका चहावाल्याच्या लक्षात आलं, कारण त्याच्या आईला डायबेटिस होता. त्याने अर्धा ग्लास साखरेचं पाणी घोट-घोट पाजलं. त्या सकाळी गोळीचा वाटा किती, उपासाचा किती आणि रसाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मी तेव्हा आहारशास्त्र शिकत होते आणि तो रस मीच काढून दिला होता. तेव्हापासून 'नैसर्गिक आहे, त्याने काय अपाय होणार' हे कुणी म्हणालं की मला तो पूल आठवतो.

आता 'केमिकल'चं. मिस्टरांना हे वाचून दाखवा. त्यांचं मेटफॉर्मिन एका झाडाच्याच वंशातलं आहे. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाची फिकट जांभळ्या फुलांची एक वनस्पती उगवते. तिच्यात गॅलेजिन नावाचं साखर उतरवणारं द्रव्य असतं. १९२० च्या दशकात ते माणसांना देऊन पाहिलं, पण ते विषारी निघालं. त्याच्याच जवळचं, पण सौम्य असं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत बनलं आणि १९५७ मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी डायबेटिसच्या रुग्णांना ते दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. हल्ली डायबेटिसच्या बऱ्याच रुग्णांना दिलं जाणारं डापाग्लिफ्लोझिनही असंच. सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ साली फ्लोरिझिन सापडलं, त्याच्या धर्तीवर ते घडवलं गेलं. म्हणजे झाडपाला एकीकडे आणि गोळी दुसरीकडे अशी भिंत नाहीच. फरक इतकाच की गोळीत औषध किती मिलीग्रॅम आहे ते ठाऊक असतं, ते कुणाला द्यायचं नि कुणाला नाही हे तपासलेलं असतं. रविवारच्या बाटलीत काय किती आहे, ते रसवाल्यालाही माहीत नसतं.

एवढ्यावरून अन्नातली द्रव्यं निरुपयोगी, असं मात्र समजू नका. ती काम करतात, म्हणून तर एवढं लिहिते आहे. ती कुठल्या रूपात, किती आणि कशासोबत पोटात जातात यावर सगळं ठरतं.

तुम्ही लिहिलंत, 'मी काही जाड नाही.' हे वाक्य मला आठवड्यातून निदान चारदा ऐकायला मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण वरून सडपातळ दिसतो, चरबी आत पोटाभोवती आणि यकृताभोवती साठते. तुमचा बीएमआय साडेबावीसच्या आसपास आहे, पण शिवणकामाची टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे, पुरुषांसाठी ९०. साखर १०० च्या वर, ट्रायग्लिसराईड १५० च्या वर, बायकांचं एचडीएल ५० च्या खाली. या तीन खुणा तुमच्याकडे आहेतच, आणि तीन खुणा असल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

त्याने घाबरून जाऊ नका. अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर चेन्नईत झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. खाण्यात आणि चालण्यात बदल केलेल्यांमध्ये तीन वर्षांत डायबेटिसचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन घेतलेल्यांमध्ये २६.४ टक्क्यांनी. ताट आणि पाय मिळून गोळीइतकं काम करतात, हे आपल्याच लोकांवर तपासून झालेलं आहे.

आता मेथ्या. यांच्यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण तुमच्या रांगेतली ही सगळ्यात भरवशाची वस्तू आहे आणि तिचाच सगळ्यात जास्त भाग तुम्ही वाया घालवता आहात. मेथीच्या दाण्याचं जवळपास निम्मं वजन चोथ्याचं, म्हणजे फायबरचं असतं. त्यातला गॅलॅक्टोमॅनन नावाचा चोथा पाणी पिऊन फुगतो आणि बुळबुळीत होतो. रात्री भिजवलेल्या मेथ्या सकाळी बोटांत धरून बघा, तो चिकटपणा म्हणजेच तो. आतड्यात तो अन्नाभोवती लपेटला जातो, मग भातातली-पोळीतली साखर रक्तात एकदम न येता सावकाश येते. पित्तातली आम्लंही तो थोडी धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. ती पुन्हा बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. शिवाय मेथीत ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. साखर वाढलेली असताना ते इन्सुलिन सोडायला मदत करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

पण हा चोथा बहुतेक सगळा दाण्यात राहतो, पाण्यात फारच थोडा उतरतो. तुम्ही पाणी पिता आणि दाणे टाकून देता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८० च्या दशकापासून मेथ्यांवर काम झालं. तिथे फरक दिसला तो दिवसाला २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत मेथी पोटात गेल्यावर, तीही दळून, जेवणाच्या पदार्थांत मिसळून. आपला चहाचा चमचा म्हणजे चारेक ग्रॅम. २५ ग्रॅम म्हणजे सहा चमचे! एवढ्या कडू मेथ्या रोज कुणी खाणार नाही आणि मी ते सांगतही नाही. भिजवलेला चमचाभर दाणा चावून खा. किंवा, मला विचाराल तर, दोन दिवस मोड आणा. मोड आल्यावर कडवटपणा बराच उतरतो. मुगाच्या उसळीत मूठभर टाका, कांदा-खोबऱ्यावर परतून सुकी भाजी करा, आंबोळीच्या पिठात नेहमीपेक्षा दुप्पट घाला. सुरुवातीला पोट गुडगुडतं, म्हणून आठवडाभर अर्ध्या चमच्यावर राहा आणि पाणी भरपूर प्या. मिस्टरांनी मेथ्या आणि गोळ्या यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवावं, कारण तो चिकट चोथा औषधालाही अडवू शकतो.

दालचिनीबद्दल जरा सांभाळून सांगते, म्हणजे सासूबाईंचा राग यायला नको. दालचिनी दोन जातींची असते. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात गेलात तर दोन्ही मागून बघा. जाड, टणक, एकाच पापुद्र्याची साल म्हणजे कॅसिया, तीच स्वस्त आणि तीच घरोघरी असते. आत पातळ कागदासारखे थर गुंडाळलेले, बोटाने मोडणारी, ती सिलोनची. कॅसियात कूमारिन असतं. ते रोज, जास्त प्रमाणात गेलं तर काही जणांच्या यकृताला त्रास होतो. युरोपात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.१ मिलीग्रॅम ही मर्यादा धरतात, म्हणजे तुमच्यासाठी साधारण साडेपाच मिलीग्रॅम. एक ग्रॅम कॅसियात सरासरी तीन मिलीग्रॅम तरी असतं. सपाट चमचाभर पूड रोज खाल्ली की मर्यादा ओलांडली. काढ्यात सगळं उतरत नाही हे खरं, पण महिनोन्महिने घ्यायचं तर हिशेब करायला हवा. एवढं करून साखर उतरते का? २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने दहा चाचण्यांतल्या ५७७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली आणि डायबेटिससाठी दालचिनी सुचवावी असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मसालेभातात, आमटीच्या गोड्या मसाल्यात ती खुशाल राहू दे.

रसाची बाटली मात्र येत्या रविवारपासून बंद करा. कारलं-दुधी एकत्र करून दिलं जातं याचीच मला सगळ्यात भीती वाटते. दुधीत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाची कडू विषं तयार होतात. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कारलं-दुधीच्या रसाने मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) समिती नेमली. तिने सांगितलं की दुधीचा तुकडा आधी चाखून बघा, कडू लागला तर रस पिऊ नका आणि त्यात दुसरा रस मिसळू नका. कारण साधं आहे. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा जिभेला कळतच नाही. आपल्या आया-आज्या काकडीचं, दुधीचं टोक कापून आधी चाखायच्या, ती सवय किती शहाणपणाची होती बघा. असा रस पिऊन उलट्या, जुलाब, पोटात कळ सुरू झाली तर लिंबूपाणी वगैरे करत बसू नये, तडक हॉस्पिटल गाठावं.

कारल्यात चॅरँटिनसारखी द्रव्यं आहेत, त्यांचा परिणामही होतो, पण थोडा. थायलंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला २,००० मिलीग्रॅम कारल्याच्या भुकटीने साखर जेवढी उतरली, ती १,००० मिलीग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमीच होती. भाजी आठवड्यातून दोनदा करा. फक्त मीठ लावून पिळून-पिळून कारल्याचा जीव काढू नका आणि त्यात मूठभर गूळ ओतू नका. जांभळं हंगामात खावीत, सुंदर फळ आहे. बियांच्या चूर्णावर मी तरी पैसे घालणार नाही.

मुलाने आईच्या काळजीने कॅप्सूल मागवल्या, त्याला रागवू नका. त्याला गणित दाखवा. हळदीत कुर्कुमिन साधारण तीन टक्के असतं. दिवसभरात स्वयंपाकातून अर्धा चमचा, म्हणजे दीडेक ग्रॅम हळद गेली तर कुर्कुमिन झालं ४५ मिलीग्रॅम. ५०० मिलीग्रॅम कुर्कुमिनची एक कॅप्सूल म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम हळद एका घासात. त्यात बहुतेक कंपन्या मिऱ्यातलं पायपरिन घालतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये दाखवून दिलं गेलं की २० मिलीग्रॅम पायपरिनने माणसाच्या रक्तात पोचणारं कुर्कुमिन वीस पटींनी वाढतं. इथे मसाला संपला आणि औषध सुरू झालं. २०१२ मध्ये थायलंडमधल्या एका चाचणीत उंबरठ्यावरच्या लोकांना कुर्कुमिनचा मोठा फायदा दिसला होता, हे मी लपवणार नाही. पण अशाच जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूल घेऊन यकृताला सूज आल्याचे रुग्णही इटलीत आणि अमेरिकेत नोंदले गेले आहेत.

मिस्टर म्हणतील, हळदीचं पेटंट आपण अमेरिकेकडून सोडवून आणलं ना! आणलं. १९९५ मध्ये दिलेलं ते पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये रद्द करवलं, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. पण ती लढाई जखमेवर भरायच्या हळदीची होती. कॅप्सूल विकणारे त्या अभिमानाचा वापर करतात, त्याचं मला वाईट वाटतं.

बर्बेरिन दारुहळदीतून निघतं. पेशीत इंधन किती उरलं हे मोजणारी एक यंत्रणा असते, एएमपीके तिचं नाव. बर्बेरिन ती जागी करतं. २००८ मध्ये चीनमधल्या छोट्याशा चाचणीत, अवघ्या ३६ रुग्णांवर, ते मेटफॉर्मिनच्या तोडीला उतरलं आणि तिथून ते गाजायला लागलं. ते यकृतात इतर औषधांच्या विल्हेवाटीत ढवळाढवळ करतं, म्हणून कुणी रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. गरोदरपणी तर अजिबात नाही. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही. डबी कपाटात ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे उघडी करा. उद्या कुणी गुळवेल सुचवेल, म्हणून तेही सांगून ठेवते. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतल्यानंतर यकृत दुखावलेले सहा रुग्ण आढळले. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. तो वाद तज्ज्ञांचा आहे, पण रोजचा काढा करण्याआधी यकृताची तपासणी करून घ्यायला काय हरकत आहे?

मग घ्यायचं काय? तुमचा दिवस पुन्हा वाचला. घरचा एक आणि ऑफिसचे तीन, असे चार चहा धरले, प्रत्येकात पाच-पाच ग्रॅमचे दोन चमचे साखर धरली तर दिवसाची चाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पंचवीसच्या आत राहिलात तर उत्तम. ट्रायग्लिसराईड १८६ होण्यात या साखरेचा आणि बिस्किटांच्या मैद्याचा मोठा हात आहे, कारण लागत नसलेली साखर यकृत चरबीत बदलून रक्तात सोडतं. त्या चहापुढे चमचाभर मेथ्या काय करणार? ऑफिसच्या कटिंगमध्ये साखर आधीच उकळलेली असते, कमी करता येत नाही. म्हणून ते तीन सोडा, किंवा एकच ठेवा. घरच्या चहात महिनाभरात दोनाचा एक, एकाचा अर्धा करत जा.

डब्यात पोळ्या दोनच, पण भाजी आताच्या दुप्पट, आणि आठवड्यातून चार दिवस उसळ. मटकी, वाल, चवळी, हरभरे, मसूर, काहीही. कडधान्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं बनतात. ती आतड्याच्या पेशींना जीएलपी-१ हे हार्मोन सोडायला प्रवृत्त करतात. सध्या वजन उतरवणारी जी महागडी इंजेक्शनं गाजत आहेत, ती याच हार्मोनची नक्कल करतात. मटकीची वाटी म्हणजे ते इंजेक्शन नव्हे, त्याच्या जवळपासही नाही. पण रोज, वर्षानुवर्षं, बिनखर्चाने तीच वाट ती थोडी-थोडी चालू ठेवते.

सध्या श्रावण आहे, तुम्ही नशीबवान आहात. संध्याकाळी भांडुप स्टेशनबाहेर उतरलात की टोपल्या बघत चला. टाकळा, फोडशी, करटोली, अळू. वसई-पालघरकडच्या बायका पहाटेच्या गाडीने आणतात. रानभाजीत चोथा आणि कडू-तुरट पॉलिफिनॉल भरपूर असतात, कॅप्सूलवाले हेच बाटलीत भरून विकतात. निवडायला वेळ जातो ते मला माहीत आहे. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघते आहे, तुम्हीही त्यातल्याच असाल. श्रावणी सोमवारचा साबुदाणा मात्र कमी करा. तो जवळपास निव्वळ पिठूळपणा आहे, चोथा नाहीच. राजगिरा, दही, शेंगदाणे, एखादं उकडलेलं रताळं यावर सोमवार निघतो.

श्रावण संपला की बांगडा आणा, तळू नका, तव्यावर थोड्या तेलात भाजा. त्यातलं ओमेगा-३ ट्रायग्लिसराईड उतरवायला मदत करतं. सोबत सोलकढी हवीच. कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं म्हणून त्याच्या वजन उतरवणाऱ्या गोळ्या निघाल्या. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांना बारा आठवडे हे आम्ल देऊन पाहिलं, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही. सोलकढी चवीसाठी प्या. बाटलीतलं कोकम सरबत नको, त्यात साखर अर्धीअधिक असते.

रात्रीचा भात मी बंद करायला सांगणार नाही. देवगडच्या घरात ते चालायचंही नाही. क्रम बदला. आधी भाजी किंवा कोशिंबीर, मग आमटी-उसळ किंवा मासा, भात शेवटी, एक वाटी. आधी पोटात गेलेला चोथा आणि प्रथिनं भाताची साखर हळू सोडतात. साडेनऊची वेळ अर्ध्या-पाऊण तासाने अलीकडे येते का बघा. ऑफिसमधून निघताना मूठभर फुटाणे किंवा एक पेरू खाल्लात तर घरी पोचल्यावर भुकेने चिवड्याच्या डब्याकडे हात जाणार नाही. सीएसएमटीहून फोर्टपर्यंत चालत जा आणि रात्री जेवण झाल्यावर दोघं मिळून खाली पंधरा मिनिटं फेऱ्या मारा. जेवणानंतर चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट उचलून वापरतात, तिथे इन्सुलिनची फारशी वाटही बघत नाहीत.

तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा. त्याआधी करून उपयोग नाही, कारण तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात आणि तो आकडा त्यांच्यावरच लिहिलेला असतो. मिस्टर आठ वर्षं मेटफॉर्मिन घेत आहेत, तर त्यांचं बी-१२ जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. या गोळीने ते काही जणांचं कमी होतं. त्यांना गोळ्या कमी करायच्या आहेत ही इच्छा चांगली आहे. ताट आणि चालणं तीन महिने सांभाळून आकडे घेऊन डॉक्टरांकडे गेले, तर कमी करायचा विषय तिथे निघू शकतो.

राहिला सासूबाईंचा काढा. नकार देऊ नका, मागणी बदला. 'आई, काढा राहू दे, मला कुळथाची पिठी करायला शिकवा' असं म्हणून बघा. देवगडच्या बाईला पिठी माहीत नाही असं होणार नाही. कुळथात बावीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, भरपूर चोथा आणि सावकाश पचणारा स्टार्च. तुम्हाला हवं ते सगळं त्यात आहे, वर लसणीची फोडणी आणि कोकम. कुळीथ भाजून जाडसर दळून आणायचं काम मुलाला द्या. पहाटे साडेपाचला त्या उठणारच आहेत, तेव्हा चुलीवर दालचिनीऐवजी तुमच्या डब्याची उसळ चढेल. मेथ्यांना मोड कसे आणायचे, ओलं फडकं किती घट्ट बांधायचं, हेही त्यांनाच विचारा. मला अजूनही ते नीट जमत नाही, पावसाळ्यात माझ्या मेथ्यांना वास येतो. त्या काय सांगतात ते मला नक्की कळवा.